वाट चुकलेल्या पाहुण्याशी दोन शब्द

विद्यार्थी मित्रहो, आपण एखाद्या स्नेह्याच्या घरी दूरवरून जावे आणि दारास कुलूप दिसावे, असा प्रसंग प्रत्येकावर केव्हा ना केव्हा येतोच. परंतु कुलपाकुलपांतही अंतर असते. एका दारास नुसते कुलूप लोंबत असते, दुसऱ्या दारी कुलपाशेजारी एक चिठ्ठी खोचलेली असते : “आम्ही सायंकाळी परत येऊ. तोवर शेजारच्या काकूंकडे बसावे.” दोन्ही ठिकाणी यजमान घरी नाहीतच. पण पहिल्या दारावरून पाहुणा खट्टू होऊन परततो, तर दुसऱ्या दारी त्यास आपली कोणी तरी आठवण ठेवली असे वाटते. हा फरक केवळ दोन ओळींचा आहे. संकेतस्थळावर अशी चिठ्ठी कशी लावावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय मला सुचला तो गतवर्षी घडलेल्या एका प्रसंगामुळे. आपल्या शाळेतून फार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एक आजीबाई आता मुलाकडे परगावी असतात. त्यांच्या शाळकरी वयातील एक निबंध आपल्या वार्षिकात छापला गेला होता. तो जुना अंक शाळेच्या संकेतस्थळावर ठेवला आहे असे त्यांच्या मैत्रिणीने कळविले आणि सोबत पत्ताही पाठविला. आजीबाईंनी मोठ्या हौसेने नातवाच्या फोनवर तो पत्ता उघडला. परंतु मधल्या काळात आम्ही संकेतस्थळाची मांडणी बदलली होती व पानांचे पत्तेही बदलले होते. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोनच शब्द उमटले : ‘नॉट फाउंड’. नातू म्हणाला, “आजी, तुझी शाळा सापडत नाही.” परप्रांतांतील मराठी शाळा एकामागून एक बंद पडत असल्याचे त्यांच्या कानी होतेच. त्यांनी तर्क केला की, आपलीही शाळा गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बडोद्यातील एका जुन्या मैत्रिणीस फोन केला आणि चाचरत विचारले, “शाळा मिटली म्हणे, खरे का ग?” त्याच वेळी आपल्या पाचवीच्या वर्गात पाढे चालले होते. शाळा जागच्या जागी होती. दारावरची चिठ्ठी तेवढी लावावयाची राहिली होती.

हे असे का घडते, ते आधी समजून घेऊ. संकेतस्थळाची पाने म्हणजे सदैव चालू असणाऱ्या एखाद्या दूरच्या संगणकावर ठेवलेल्या फाइली होत. त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. बहुतेक शाळा स्वतःचा सर्व्हर बाळगीत नाहीत. एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर वार्षिक भाडे देऊन जागा घेतात. यालाच होस्टिंग असे नाव आहे. वाचकाच्या फोनमध्ये किंवा संगणकात ब्राउझर नावाचा कार्यक्रम असतो. तो सर्व्हरकडे मागणी करतो की, अमुक पत्त्यावरील पान द्यावे. आणि सर्व्हर त्यास उत्तर देतो. हे उत्तर नेहमी दुहेरी असते. आरंभी तीन अंकांची एक संख्या असते, ती यंत्रासाठी. तिच्यामागून मजकूर येतो, तो माणसासाठी. संख्या पडद्यावर दिसेलच असे नाही, परंतु ती प्रत्येक वेळी येते. पुढील सारे विवेचन या दोन उत्तरांविषयी आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

या संख्यांचा अर्थ आपल्या गावच्या मुलांस सहज कळण्याजोगा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. अशा गावात वाढलेल्या वाचकास ठाऊक असते की, चांगला ग्रंथपाल नुसते ‘नाही’ म्हणत नाही. तो कारण सांगतो. सर्व्हरही तसेच करू शकतो. आपण पुस्तक मागितले आणि ते हाती मिळाले, म्हणजे संख्या २००. ते कायमचे दुसऱ्या कपाटात हलविले आहे, तिकडे चला, असे सांगणे म्हणजे ३०१. तात्पुरतेच हलविले असेल तर ३०२. पुस्तक आहे, पण आपणांस पाहण्याची मुभा नाही, ही ४०३. या नावाचे पुस्तक कपाटात आढळत नाही, ही ४०४. पुस्तक होते, पण ते आता कायमचे काढून टाकले, ही ४१०. ग्रंथपालाचीच काही गडबड झाली व त्यास उत्तर देता येईना, ही ५००. आज आवराआवर चालू आहे, थोड्या वेळाने यावे, ही ५०३.

पहिल्या अंकावरून संख्येचे कुळ ओळखावे. २ हे यशाचे कुळ, ३ हे अन्यत्र पाठविण्याचे, ४ हे मागणीत दोष असल्याचे आणि ५ हे सर्व्हरच्या स्वतःच्या दोषाचे. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ४०४ ही संख्या मागणाऱ्याकडे बोट दाखविते खरी. पण पुष्कळदा दोष मागणाऱ्याचा नसतोच. आजीबाईंनी पत्ता बिनचूक उघडला होता. पाने हलविली आम्ही, आणि बोट मात्र त्यांच्याकडे दाखविले गेले. म्हणूनच यंत्राच्या रूक्ष संख्येबरोबर माणसाने लिहिलेले दोन शब्द असणे अगत्याचे असते.

या संख्यांचा इतिहासही मनोरंजक आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. सर्व्हर आणि ब्राउझर यांनी कोणत्या नियमांनी बोलावे हे त्यांनी ठरविले. त्या नियमांस एचटीटीपी म्हणतात. फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठविण्याच्या जुन्या एफटीपी पद्धतीत तीन अंकी उत्तरे आधीपासून रूढ होती. तोच प्रघात येथेही आला. सर्नमध्ये ४०४ क्रमांकाची खोली होती, तेथील फाइल सापडेना म्हणून ही संख्या पडली, अशी एक कथा सांगितली जाते. ती निव्वळ दंतकथा आहे. बर्नर्स-ली यांचे सहकारी रोबेर कायो यांनीच तिची वासलात लावली आहे. तज्ज्ञ मंडळींना विनोदाचे वावडे नसते, हेही येथे दिसते. १ एप्रिल १९९८ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका थट्टेच्या नियमपत्रात ४१८ ही संख्या आली. तिचा अर्थ असा : “मी चहाची किटली आहे, मजकडे कॉफी मागू नये.” याउलट ४५१ ही संख्या गंभीर आहे. कायद्याच्या आज्ञेने एखादे पान रोखले गेले असेल, तर ती द्यावी, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रात सांगितले आहे. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या ज्या कादंबरीत पुस्तके जाळली जातात, तिच्या नावातील आकडा येथे मुद्दाम योजिला आहे.

आता आपल्या कामाकडे वळू. सर्व्हर स्वतःहून जे पान दाखवितो ते रूक्ष व बहुधा इंग्रजी असते. त्याऐवजी आपण स्वतः लिहिलेले पान दाखविता येते. इंग्रजीत यास ‘एरर पेज’ म्हणतात. आपण त्यास खुलाशाचे पान म्हणू.

प्रथम मजकूर. तो लिहिताना तीन गोष्टी पाहाव्यात : काय झाले ते सांगावे, कोणास दोष देऊ नये, आणि पुढील वाट दाखवावी. आम्ही शाळेच्या पानासाठी असा मजकूर केला : “नमस्कार. आपण मागितलेले पान या पत्त्यावर नाही. आम्ही ते दुसरीकडे हलविले असेल, किंवा पत्त्यातील एखादे अक्षर राहिले असेल. शाळा मात्र नित्याप्रमाणे भरते आहे. जुने वार्षिक अंक, प्रवेशाची माहिती व दाखल्यांचे अर्ज यांचे दुवे खाली दिले आहेत. तरीही हवे ते न मिळाल्यास कार्यालयास सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळात फोन करावा.” खाली हाच आशय गुजरातीत व इंग्रजीत दिला, कारण आपल्याकडे येणाऱ्या पालकांत तिन्ही भाषांचे वाचक आहेत. वर शाळेचे नाव आणि बोधचिन्ह घातले, म्हणजे आपण भलत्याच ठिकाणी आलो असे कोणास वाटू नये.

दुसरी गोष्ट फाइलीची. हा मजकूर एचटीएमएलच्या साध्या फाइलीत लिहावा. मराठीसाठी दोन खुणा विसरू नयेत. एक, फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत जतन करावी आणि तसे फाइलीच्या आरंभीच, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, नमूद करावे. ही खूण राहिली तर देवनागरीऐवजी युरोपीय अक्षरांची व चिन्हांची निरर्थक गर्दी दिसण्याचा संभव असतो. दुसरी, पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी. दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखविणारी साधने या नोंदीवरून योग्य भाषेचा आवाज निवडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे सर्व्हरला आज्ञा देणे. भाड्याच्या पुष्कळ जागी १९९५ मध्ये जन्मलेला अपॅची नावाचा सर्व्हर चालतो. तेथे आपल्या मुख्य फोल्डरात ‘एचटीॲक्सेस’ नावाची एक फाइल असते. तिच्या नावाच्या आरंभी टिंब असते, त्यामुळे ती यादीत लपलेली राहते. लपलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय निवडल्यावर दिसते. तिच्यात एक ओळ लिहावयाची असते. आधी ‘एररडॉक्युमेंट’ हा जोडशब्द, मग मोकळी जागा, मग ४०४ हा आकडा, पुन्हा मोकळी जागा, आणि शेवटी तिरप्या रेघेने सुरू होणारा आपल्या फाइलीचा पत्ता. ही ओळ अर्थातच रोमन लिपीत व इंग्रजी अंकांत लिहावी लागते. ४०३ आणि ५०० यांसाठी अशाच निराळ्या ओळी लिहाव्यात. एन्जिन-एक्स या दुसऱ्या सर्व्हरवर ‘एरर पेज’ याच नावाची आज्ञा असते, परंतु ती बहुधा होस्टिंग कंपनीकडून लिहवून घ्यावी लागते. सीपॅनेलची सोय असेल, तर तेथे ‘एरर पेजेस’ हा विभागच दिलेला असतो. गिटहब पेजेसवर ‘४०४’ या नावाची एचटीएमएल फाइल मुख्य फोल्डरात ठेवली की काम भागते.

एक सावधगिरीची सूचना. एचटीॲक्सेस फाइलीत आज्ञेचे एक अक्षर चुकले, तर एकच पान नव्हे, सारे संकेतस्थळच ५०० ही संख्या देऊन बंद पडू शकते. म्हणून बदल करण्यापूर्वी मूळ फाइलीची प्रत काढून ठेवावी. ही शिस्त आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. आपण आधीच शिकावी.

येथवरचे काम तासाभराचे आहे. परंतु यात काही खाचखळगे असे आहेत की, पान सुंदर दिसूनही काम बिघडलेले असते. ते थोडे विस्ताराने सांगतो.

पहिला खळगा सर्वांत मोठा. एररडॉक्युमेंटच्या ओळीत तिरप्या रेघेने सुरू होणारा घरचा पत्ता न देता, एचटीटीपीपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिला, तर अपॅची वाचकास त्या पत्त्यावर पाठवून देतो. तेव्हा ब्राउझरला ४०४ न मिळता ३०२ मिळते, आणि पुढे खुलाशाचे पान पोहोचल्यावर २०० मिळते. माणसास काहीच वावगे दिसत नाही. पण यंत्रास सांगितले गेले की, सारे ठीक आहे. हे असत्य होय. गूगलसारखी शोधयंत्रे असल्या पानांस ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतात. नसलेली पाने आहेत असे यंत्रास सांगितले, तर ते पुनःपुन्हा तेथेच येत राहते, आणि ज्यांची ओळख व्हावयाची ती खरी पाने मागे पडू शकतात. काही लोक प्रत्येक चुकलेल्या वाचकास मुकाट्याने मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. तेही योग्य नव्हे. आपण मागितले एक आणि समोर आले दुसरे, याचा उलगडा त्या बिचाऱ्यास होत नाही. माणसाशी सौजन्याने बोलावे, आणि यंत्राशी खरे बोलावे. एकासाठी दुसऱ्याचा बळी देऊ नये.

दुसरा खळगा चित्रांचा. खुलाशाचे पान कोणत्याही चुकलेल्या पत्त्यावर उघडते. तो पत्ता कधी एका फोल्डराच्या आत असतो, कधी तीन. आपण चित्राचा पत्ता ‘येथून शेजारी’ अशा रीतीने लिहिला असेल, तर ब्राउझर ते चित्र त्या चुकलेल्या पत्त्याच्या शेजारी शोधू लागतो, आणि बोधचिन्हाच्या जागी मोडकी चौकट दिसते. म्हणून या पानावरील सर्व चित्रांचे व दुव्यांचे पत्ते तिरप्या रेघेने, म्हणजे संकेतस्थळाच्या मुळापासून लिहावेत.

तिसरा खळगा ५०० च्या पानाचा. हे पान दिसते तेव्हा सर्व्हरचाच काही भाग बिघडलेला असतो. अशा वेळी हे पान जर त्याच बिघडलेल्या माहितीकोशातून मजकूर आणू पाहील, तर तेही कोसळेल. दिवे गेल्यावर लावावयाची मेणबत्ती विजेवर चालणारी असून कसे भागेल? हे पान अगदी साधे, स्वयंपूर्ण असावे. तसेच त्यात फाइलींची नावे, आतल्या वाटा किंवा बिघाडाचा तपशील छापू नये. तो तपशील प्रामाणिक वाचकास निरुपयोगी आणि लबाडास मात्र उपयोगी असतो. आपण होऊन दुरुस्तीसाठी संकेतस्थळ बंद ठेवावयाचे असेल, तर ५०३ द्यावी व पुन्हा केव्हा यावे याचीही सूचना उत्तराबरोबर पाठवावी. तशी सोय नियमांत ‘रिट्राय-आफ्टर’ या नावाने आहे.

सारे झाल्यावर परीक्षा घ्यावी. आपल्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे मनास येतील ती निरर्थक अक्षरे लिहून पाहावीत. खुलाशाचे पान दिसले म्हणजे अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी अशी : संगणकावर ब्राउझरात बहुधा एफ-१२ ही कळ दाबून तपासणीची साधने उघडावीत, ‘नेटवर्क’ हा विभाग निवडून पान पुन्हा मागवावे, आणि पहिल्या ओळीतील संख्या वाचावी. ती ४०४ असली तरच उत्तीर्ण. आमच्या पहिल्या प्रयत्नात तेथे २०० होती. नववीच्या एका मुलीने ती हेरली. ओळीत पूर्ण पत्ता दिला गेला होता. तो बदलताच संख्या खरी झाली.

परंतु मित्रहो, चिठ्ठी कितीही गोड असली तरी पाहुण्यास यजमान भेटणेच अधिक चांगले. म्हणून खुलाशाचे पान हा शेवटचा उपाय समजावा. खरा उपाय म्हणजे पत्ते न बदलणे. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये याच विषयावर एक टिपण लिहून बजावले होते की, चांगले पत्ते बदलत नसतात. हा उपदेश किती दुर्लक्षिला गेला, याचे एक प्रमाण उपलब्ध आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडेनाशी झाली होती. छापील वार्षिक कपाटात पन्नास वर्षे टिकते. संकेतस्थळावरील वार्षिक मात्र आपण जपले तरच टिकते.

पत्ता बदलणे अटळच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ ची वाट घालून द्यावी. कोणत्या जुन्या पत्त्यांवर लोक अजून येत आहेत, हे सर्व्हरची नोंदवही सांगते. तिच्यात प्रत्येक मागणी, तिची वेळ आणि दिलेली संख्या नोंदलेली असते. आम्ही त्या नोंदी चाळल्या आणि ४०४ च्या ओळी वेगळ्या काढल्या. पुष्कळशा ओळी जुन्या वार्षिकांच्याच होत्या. म्हणजे आजीबाई एकट्या नव्हत्या. आणखी कितीतरी माणसे दाराशी येऊन परत गेली होती, आणि आम्हांस त्याचा पत्ताही नव्हता. तो कागद हाती घेऊन आम्ही सारे काही क्षण स्तब्ध झालो. मग नववीच्या मुलांनी एकेका जुन्या पत्त्यास नव्या पत्त्याशी जोडले.

आजीबाईंचा तोच जुना दुवा आता त्यांना थेट अंकावर नेतो. त्यांनी निबंध वाचला आणि कळविले की, त्यात शुद्धलेखनाची एक चूक आहे, ती तेव्हाच्या बाईंच्या नजरेतून सुटली होती. ती मात्र सुधारू नये.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण पुढे संकेतस्थळे उभारतील. मुखपृष्ठ सजविण्याची हौस सर्वांनाच असते. पण घराचे आतिथ्य दिवाणखान्यावरून जितके कळते, त्याहून अधिक ते यजमान घरी नसताना दारावर काय लिहिलेले असते यावरून कळते. तेव्हा आपल्या पहिल्या संकेतस्थळाचे पहिले पान लिहून झाले की दुसरे पान हेच लिहावे : वाट चुकून आलेल्या पाहुण्यासाठी दोन खरे आणि आदराचे शब्द.